लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. ‘स्लो झालाय’ या एका तक्रारीखाली चार-पाच वेगळे आजार लपलेले असतात. तुमचा कुठला, ते ओळखा.

– बटण दाबल्यावर कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथेच अडकतं. गोल फिरणारे ठिपकेसुद्धा लवकर दिसत नाहीत.
– ठिपके येतात आणि फिरतच राहतात. पासवर्ड मागायलाच दोन-तीन मिनिटं जातात.
– पासवर्ड पटकन मागतो, डेस्कटॉपही दिसतो, पण पुढची चार मिनिटं क्लिक केलं तरी हलत नाही. पंखा घोंघावतो, हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो.
– एरवी ठीक चालतो, पण महिन्यातून एखाद्या सकाळी पंधरा मिनिटं घेतो.
– सुरू व्हायचं सोडा, झाकण लावून पिशवीत ठेवला की गरम होतो आणि काढला की बॅटरी रिकामी.

माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वांत जास्त तिसऱ्या प्रकारचे असतात. सांगलीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी हिशेब बघतो. दुरुस्तीचं दुकान वगैरे नाही. पण ऑफिसातले नऊ लॅपटॉप आणि जुलैत रिटर्नच्या गर्दीत ‘दादा, जरा बघता का’ म्हणत पुढे येणारे बाकीचे, यामुळे हा एकच बिघाड इतक्या वेळा निस्तरलाय की आता हात आपोआप चालतात. आमचे एक ज्येष्ठ काका रोज सकाळी बटण दाबून खाली चहाला जायचे. परत आले की ‘झाला का रे जागा?’ हा त्यांचा पहिला प्रश्न.

अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय सांगतात, ‘फॉरमॅट मारून घे’. त्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण तीन-चार आठवड्यांत तीच अॅप्स परत येतात आणि गाडी मूळ पदावर. मधल्या मधे एखाद्याची डिजिटल सहीची ड्रायव्हर फाइल गेलेली असते, कुणाचे लग्नाचे फोटो. म्हणून फॉरमॅट सर्वांत शेवटी.

खाली दिलेलं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूतली नावं आणि आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, तुम्हाला त्या पडद्यावर इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायच्या.

फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी

मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. दोन वेळा नोंदवा, एक बटण दाबल्यापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंतची आणि दुसरी पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर खरोखर उघडेपर्यंतची. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. नाहीतर तीन उपाय करून झाल्यावर ‘थोडा फास्ट वाटतोय’ एवढंच हाती राहतं, आणि कशामुळे ते कळत नाही.

मग लॅपटॉपला लटकवलेलं सगळं काढा. पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडर, प्रिंटरची वायर. सुरू होताना बायोस (विंडोजच्याही आधी जागा होणारा, बोर्डातला छोटा प्रोग्रॅम) या सगळ्यांची विचारपूस करतो, आणि पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा क्रम वर असेल तर आधी तिथे विंडोज शोधत बसतो. चिन्हावर अडकणाऱ्या दोन लॅपटॉपमध्ये एवढंच निघालं होतं. एकात तर पेनड्राइव्ह वर्षभर तसाच खोचलेला होता, लहानसा, नखाएवढा, कुणाला दिसलाच नाही.

यानंतर सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती आहे ते बघा. एकूण जागेच्या १० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर पुढचं काही करण्याआधी डाउनलोड्स आणि रिसायकल बिन रिकामे करा. विंडोजला अपडेट उतरवायला, तात्पुरत्या फाइली ठेवायला आणि रॅम अपुरी पडली की डिस्कवर पसारा मांडायला जागा लागते.

‘मी तर रोज बंद करतो’

हा भाग जरा निवांत वाचा, कारण गोंधळाचं मूळ इथे आहे.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती सुरू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. तुमची उघडी अॅप्स बंद होतात, तुम्ही लॉगआउट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्स (टचपॅड, प्रिंटर अशा भागांशी विंडोजचं बोलणं करून देणारे प्रोग्रॅम) जसे चालू होते तसेच डिस्कवर उतरवून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी ते तिथून उचलले जातात. त्यामुळे सुरुवात लवकर होते, हे खरं. पण ड्रायव्हरमध्ये एखादा गुंता झाला असेल तर तो गुंताही जसाच्या तसा परत येतो. रिस्टार्टला मात्र हे लागू नाही. तो सगळं पुसून पहिल्यापासून मांडतो, म्हणून त्याला वेळ जास्त लागतो.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’वर जा, खाली ‘अप टाइम’ दिसेल. पहिला आकडा दिवसांचा. काकांच्या लॅपटॉपवर तो ४१ होता. ‘अरे, मी तर रोज संध्याकाळी बंद करून घरी जातो!’ जात होतेच. लॅपटॉप मात्र ४१ दिवस खऱ्या अर्थाने बंद झालाच नव्हता.

त्यामुळे पहिला खरा उपाय म्हणजे एकदा रिस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा बटण दाबणं नव्हे, मेनूतला रिस्टार्ट. त्यानंतरची वेळ मोजा. निम्म्या लोकांची तक्रार इथेच थांबते, निदान काही दिवस. कधी पूर्ण बंदच करायचा असेल, समजा रॅम बदलायची आहे, तर शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा.

महिन्यातून एकदाच पंधरा मिनिटं घेणाऱ्या लॅपटॉपचंही उत्तर याच घरात आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षा अपडेट सोडतं. अमेरिकेतल्या सकाळी ते निघतं, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र, आणि भोगावं लागतं बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी. हा बिघाड नाही. पडद्यावर टक्केवारी चालू असताना बटण दाबून बंद मात्र करू नका. मी निस्तरलेल्या सर्वांत वाईट केसेस अशाच घाईतून आल्या.

डेस्कटॉप आल्यावर हँग होतो तेव्हा

पुन्हा टास्क मॅनेजर, या वेळी ‘स्टार्टअप अॅप्स’ (विंडोज १० मध्ये नुसतं ‘स्टार्टअप’). विंडोज सुरू होताच आपणहून जागी होणारी मंडळी इथे यादीत दिसतात. मीटिंगचं अॅप, चॅटचं अॅप, गाण्यांचं, गेमचं, प्रिंटरचा मदतनीस, तीन वेगवेगळे अपडेटर. प्रत्येकाने इन्स्टॉल होताना न विचारता स्वतःचं नाव घातलेलं असतं.

‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ या रकान्यात ‘हाय’ दिसलं म्हणून दचकू नका. प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचणं-लिहिणं झालं की हा शिक्का बसतो. आजच्या काळात ३ एमबी म्हणजे काहीच नाही. पण असे चौदा ‘हाय’ एकाच क्षणी डिस्कवर तुटून पडले तर दारात गर्दी होणारच.

मी सरळ एक नियम लावतो. सकाळी बसल्याबसल्या हे अॅप लागतं का? नसेल तर उजवी क्लिक आणि ‘डिसेबल’. यात अॅप उडत नाही, हवं तेव्हा उघडता येतं, फक्त आपणहून उठत नाही. अँटिव्हायरस, टचपॅड, आवाज आणि ग्राफिक्सशी संबंधित नावं सोडून द्या. नाव ओळखीचं नसेल तर तेही सोडा. क्लाउडवर फाइली चढवणारं अॅप बंद करायचं का, हे ज्याच्या फाइली आहेत त्याला विचारून ठरवा. एकदा मी न विचारता बंद केलं आणि आठवडाभर एका ताईंचं काम वर गेलंच नाही. बोलणी खाल्ली, रास्तच होती.

दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढून टाका, डिसेबल नव्हे, पूर्ण अनइन्स्टॉल. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात, म्हणजे तेच काम दोनदा. नवीन लॅपटॉपबरोबर चाचणीसाठी आलेला आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस हा नेहमीचा संशयित.

याच पानावर वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ दिसत असेल तर तो टिपून घ्या. विंडोजला हात लागण्याआधी यंत्राने स्वतः घेतलेला हा वेळ. १० सेकंदांच्या आत असेल तर पुढे चला. २०-३० असेल तर दोष विंडोजमध्ये नाही आणि फॉरमॅट मारूनही तो जाणार नाही, हे पक्कं समजा. जुन्या लॅपटॉपमध्ये सोबत तारीखही मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो फारसा महाग नसतो, पण लॅपटॉप उघडायचा अनुभव नसेल तर दुकानातच बसवून घ्या.

रोज सुरू तरी कशाला करायचा?

एवढं करूनही दीड-दोन मिनिटं लागत असतील तर प्रश्न जरा फिरवून विचारा. लॅपटॉप रोज पहिल्यापासून सुरू करायची गरज आहे का? आमच्याकडे आता कुणी रोज शटडाउन करत नाही. सगळे हायबरनेट करतात.

स्लीप आणि हायबरनेट यांत लोक गल्लत करतात. स्लीपमध्ये तुमचं उघडं काम रॅममध्येच राहतं आणि रॅमला सतत थोडी वीज लागते. वीज गेली, बॅटरी संपली, की काम गेलं. हायबरनेटमध्ये तेच काम डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवलं जातं आणि लॅपटॉप पूर्ण बंद होतो, वीज शून्य. चार दिवसांनी बटण दाबलं तरी एक्सेलची तीच ओळ समोर. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात ही सोय म्हणजे फुकटचा यूपीएस आहे.

अडचण एवढीच की विंडोजच्या पॉवर मेनूत हा पर्याय सहसा दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडा, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ, आणि खाली हायबरनेटसमोर टिक. याच पानावर झाकण लावल्यावर काय व्हावं तेही ठरवता येतं. बॅटरीवर असताना ‘हायबरनेट’ निवडा.

ही झाकणाची सेटिंग मी अनुभवाने शिकलो. कोल्हापूरला एसटीने जाताना झाकण लावून लॅपटॉप पिशवीत टाकला. उतरलो तेव्हा पिशवी इस्त्री केल्यासारखी गरम आणि सकाळी भरलेली बॅटरी ९ टक्क्यांवर. नव्या लॅपटॉपमधली स्लीप ही मोबाइलच्या धाटणीची असते, आतून अर्धवट जागी, मेल तपासते, अपडेट शोधते. पिशवीत हवा खेळत नाही, मग उष्णता जाणार कुठे? तेव्हापासून प्रवासाला फक्त हायबरनेट, आणि दिवे पूर्ण विझल्याशिवाय पिशवीत ठेवायचा नाही.

टिक करायला हायबरनेट हा शब्दच दिसत नसेल तर स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करा आणि ‘टर्मिनल अॅडमिन’ उघडा (विंडोज १० मध्ये पॉवरशेल अॅडमिन). तिथे ‘पॉवर’ला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं, मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि ए, असं टाइप करून एंटर दाबा. तुमच्या लॅपटॉपला विश्रांतीचे कोणते प्रकार जमतात आणि कोणते का जमत नाहीत, याची यादी येते. ‘हायबरनेशन हॅज नॉट बीन एनेबल्ड’ असं आलं तर तोच शब्द, मोकळी जागा, तिरकी रेघ, एच, मोकळी जागा, ऑन. जागा वाचवायची युक्ती म्हणून व्हिडिओंमध्ये याच आज्ञेत ऑफ लिहायला सांगतात. त्याने हायबरनेट जातंच, फास्ट स्टार्टअपही सोबत जातो.

कधी फास्ट स्टार्टअप चालतो, पण हायबरनेट नसतो. तेव्हा ती फाइल ‘रिड्यूस्ड’ प्रकारात असते, रॅमच्या साधारण २० टक्के. पूर्ण हायबरनेटला सुरुवातीला ४० टक्के धरतात, म्हणजे ८ जीबी रॅमला ३.२ जीबी आणि १६ जीबीला ६.४ जीबी. त्याच शब्दापुढे तिरकी रेघ एच, तिरकी रेघ टाइप, आणि शेवटी फुल, प्रत्येकाआधी मोकळी जागा सोडून, असं दिलं की ती वाढते. आणि यादीत ‘इंटर्नल सिस्टम कंपोनंट’ने अडवलंय असं आलं तर बहुधा ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर नाही, विंडोजचा कामचलाऊ चालतोय. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, भलत्याच ‘ड्रायव्हर अपडेटर’कडून नको.

‘रोज एवढं लिहून एसएसडी झिजणार नाही का?’ असा प्रश्न हमखास येतो. (एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नवी डिस्क, एचडीडी म्हणजे फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क.) दिवसाला ३ जीबी, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ९०० जीबी, एक टीबीसुद्धा नाही. ५०० जीबीच्या नेहमीच्या एसएसडीला कंपन्या १५० ते ३०० टीबी लिहिण्याची हमी देतात. झिजायच्या आधी लॅपटॉपच भंगारात जाईल.

आमच्या ऑफिसात काही पथ्यं पाळतो. टॅलीचा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल तर हायबरनेटआधी टॅलीत उघडलेली ‘कंपनी’ (म्हणजे हिशेबाची फाइल) बंद करायची, कारण जागं झाल्यावर मधलं नेटवर्क तुटलेलं असतं. डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा खोचतात तो) काढून ठेवायचा. पेनड्राइव्हवरची फाइल उघडी ठेवून झोपवायचा नाही, कारण तो पेनड्राइव्ह दुसरीकडे लावून फाइल बदलली तर घोळ होतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोज हायबरनेट करून लिनक्समधून त्याच ड्राइव्हवर लिहू नका, फाइल सिस्टम बिघडते. आणि शनिवारी जाताना रिस्टार्ट, कारण हायबरनेट सगळं जपून ठेवतो, त्यात घाणही आली.

पैसे खर्च करायचे तर कशावर

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक करा. एचडीडी की एसएसडी, ते तिथेच लिहिलेलं असतं. एचडीडी असेल आणि सुरू झाल्यावर कित्येक मिनिटं १०० टक्क्यांवर चिकटत असेल तर वरच्या सगळ्या उपायांनी थोडंच सुधारेल. त्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० वेळा फिरते. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी साडेपाच मिलिसेकंद, त्याआधी सुई सरकण्याचा वेळ वेगळा. सेकंदाला जेमतेम शंभरेक तुकडे वाचून होतात, आणि विंडोजला सुरुवातीला हजारो बारीक तुकडे हवे असतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. काकांचा लॅपटॉप रिस्टार्ट आणि स्टार्टअपच्या सफाईनंतर पाच मिनिटांवरून तीनवर आला होता. एसएसडी बसवल्यावर २५ सेकंद.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, पण एसएसडी आधी. उलट क्रमाने केलेल्या दोघांनी मला नंतर ‘पैसे वाया गेले’ म्हणून ऐकवलं. स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये मात्र साठवण आणि रॅम दोन्ही बोर्डालाच डाग देऊन चिकटवलेली असते, तिथे काही बदलता येत नाही. तसंच विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत साधारणपणे नाही. इतक्या जुन्या लॅपटॉपवर किती खर्च करायचा, हे तुमच्या खिशाला विचारा.

इथे हात थांबवा

डिस्क आधीच एसएसडी असूनही वेळ लागतोय, किंवा एचडीडी अधूनमधून मध्येच थबकते, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून बघा. ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ आलं तर डीफ्रॅग, चेकडिस्क, क्लोनिंग काही करू नका. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा. मरायला टेकलेल्या डिस्कला कामाला लावलं की ती त्याच दिवशी जाते. टक-टक असा आवाज येत असेल तर फाइली उतरवायलाही बसू नका. लॅपटॉप बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

टचपॅड वर उचलला गेलाय किंवा झाकण नीट बसत नाही, तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा आणि दुकान गाठा. टोचू नका, दाबून बसवू नका.

बायोसमध्ये काही बदलण्याआधी आणि एसएसडी टाकण्याआधी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्या. ही ‘की’ नसेल आणि लॅपटॉप ती मागत बसला, तर दुकानदारही डेटा काढून देऊ शकत नाही. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीला फोन करा. बायोसलाच डिस्क दिसत नसेल, किंवा लॅपटॉपवर कधी चहा-पाणी सांडलं असेल, तर ते घरी करायचं काम नाही.

दुकानात जाताना सुरुवातीला लिहिलेल्या त्या दोन वेळा आणि बायोसचा आकडा कागदावर घेऊन जा. ‘स्लो आहे’ म्हणालात तर फॉरमॅट मारून मिळेल. ‘बायोसला ८ सेकंद, डेस्कटॉपनंतर चार मिनिटं, डिस्क १००’ म्हणालात तर माणूस थेट डिस्क तपासतो. आणि एसएसडी बसवून घेतलीत तर जुनी हार्ड डिस्क परत मागून घ्या, तुमचा सगळा डेटा अजून तिच्यात असतो.